कात्रीचे दोन टोले

पायडल अडलं. अस्तराचं टोक लोंबून खाली चाकात गेलं असणार, असं टेलरबाईंना वाटलं, आणि अडलेल्या पायडलचं त्या जन्मभर जे करत आल्या तेच त्यांनी केलं. टाच रोवून आणखी जोर दिला. पहिल्या दाबाला जे नुसतं अडलं होतं ते दुसऱ्या दाबाला मोडलं. हे तळपायाला आधी कळलं आणि कानाला मागून. असला आवाज गुंडीच्या गळ्यात आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आजवर तिनं दुधासाठी म्यांव केलं होतं, दार उघडायला लावण्यासाठी केलं होतं, काही काम नसताना उगाच केलं होतं. हा त्यातला कुठलाच आवाज नव्हता. हा लहान पोराच्या ओरडण्याच्या फार जवळचा होता. टेलरबाई खुर्चीवरून खाली कशा आल्या ते त्यांचं त्यांनाच माहीत. मोठ्या चाकाच्या आऱ्यांतून गुंडीचा पुढचा पंजा आत गेला होता आणि चाक न् लोखंडी चौकट यांच्या मधे घट्ट धरला गेला होता. "थांब गं, थांब माझे बाई, काढते, काढते," असं म्हणत त्यांनी चाक उलटं फिरवलं. तेवढ्यात गुंडीनं त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी दात रुतवले, चांगले खोल, आणि पंजा सुटल्याबरोबर तीन पायांवर भेलकांडत ती पलंगाखाली कापडाच्या पेटीमागे गेली. टेलरबाई जमिनीवर बसूनच राहिल्या. हातातून रक्त येत होतं. चावली ते बरं केलं, त्यांच्या मनात आलं, निदान तेवढं तरी तिनं जागच्या जागी चुकतं केलं.

आता हे झालं कसं ते सांगायचं तर आधी मोटरीबद्दल सांगायला हवं. मशीन जुनं, पायानं चालवायचं, काळ्या रंगाचं, टेलरबाईंच्या लग्नाहूनही म्हातारं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांच्या मुलानं माणूस पाठवून वर एक छोटी मोटर बसवून घेतली. बटणावर पाय टेकवला की सुई आपली आपण पळायची. खालचं मोठं चाक आणि पायडल जिथल्या तिथे राहिलं, नुसती चामड्याची वादी सोडवून खिळ्याला टांगली. पायडल निवांत झालेलं बघून गुंडीनं तिथे बिऱ्हाड केलं. लोखंड असलं म्हणून काय झालं, मांजराला जागा कुठली आवडेल याला काही कायदा आहे का? ती पायडलवर गोल वळकटी करून झोपायची, एखादा पाय आऱ्यांत घालायची, आणि वरून सुईची घरघर ऐकत तीही घरघरायची. चाक फिरत नव्हतं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. आज दुपारी मात्र वीज गेली. खोली तळमजल्यावरची, समोर उंच भिंत, त्यात आभाळ भरून आलेलं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर अर्ध्यावर होतं, आणि टेलरबाई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी खिळ्यावरची वादी काढली, गुंडीला "ऊठ गं महाराणी" म्हणून पायडलवरून उठवलं, अंधारात चाचपडत वादी चाकावर चढवली. आणि आता बसणार, तोच आत स्वयंपाकघरात फोन वाजला.

फोन मुलाचा होता. तो नेहमी जे बोलायचा तेच बोलला. आई, एकटी काय करतेस तिथं? शिवते, त्या म्हणाल्या. इकडे ये, खोली रिकामी आहे. आणि गुंडी? त्यावर तो जरा थांबला. तो थांबला की टेलरबाईंच्या कपाळाची शीर उठायची. "तुझ्या सुनेला केसांनी शिंका येतात, तुला माहितीये आई. मांजराचं काय, दूध देईल त्याचं मांजर. देऊ कुणाला तरी." तेव्हा टेलरबाई जे बोलल्या ते त्यांना पुढे कितीतरी वेळा आठवणार होतं, अगदी स्वतःच्या आवाजात. त्या म्हणाल्या, "माझ्यापाशी ती जितकी सुखरूप आहे ना, तितकी जगात कुठेही राहायची नाही. कळलं? ठेव फोन." आणि त्यांनीच ठेवला. तेवढ्या वेळात गुंडी परत मशीनखाली येऊन चाकाला टेकून झोपली होती, ते अंधारात त्यांना दिसलं नाही. त्या तशाच धुमसत बाहेर आल्या, खुर्ची ओढली, मांडीवर कोट घेतला आणि पायडलवर पाय ठेवला. एवढं मोठं वाक्य बोलून दहा पावलंसुद्धा झाली नव्हती.

आणि एक गोष्ट राहून गेली, तीच खरी गोष्ट होती. कात्री वाजवायची राहिली. टेलरबाईंची कापड कापायची कात्री वजनाला चांगली जड, लोखंडी. मोटर यायच्या आधी पायडलवर पाय ठेवण्यापूर्वी ती कात्री मशीनच्या लाकडी पाटावर दोनदा आपटायची त्यांची पद्धत होती. टक्, टक्. मग एक श्वास थांबायचं आणि मग पाय. ही पद्धत त्यांनी गुंडीसाठी नव्हती काढली. ती काढली होती मुलासाठी, तो रांगायचा तेव्हा. नवरा गेलेला, खोली एवढीशी, पोर ठेवायचं कुठे तर मशीनखाली. तिथे त्याला ते चाक म्हणजे मोठं घबाड सापडलं होतं. तो बसचा ड्रायव्हर व्हायचा आणि चाक फिरवायला बघायचा. मांडीवर कापडाचा डोंगर असला की खाली काय चाललंय ते दिसायचं नाही. दर वेळी वाकून बघायचं तर दिवसाला एक परकर शिवून होईना. म्हणून कात्री. दोन टोले वाजले की पोरानं चाक सोडायचं आणि दोन्ही हात वर करून आईच्या गुडघ्यावर ठेवायचे. दोन मळकट पंजे गुडघ्यावर आले की टेलरबाई म्हणायच्या, "चला, सुटली गाडी." पोर मोठं झालं, शाळेत गेलं, नोकरीला लागलं, टक्कल पडलं, लग्न करून दुसऱ्या गावी गेलं. कात्री वाजतच राहिली. जित्याची खोड. मग चिंध्यांच्या पोत्यात शर्टाच्या गुंडीएवढे डोळे असलेलं एक पिल्लू सापडलं, आणि त्या टोल्यांना पुन्हा काम लागलं. टक् टक् झालं की गुंडी आळस देत उठायची, खुर्चीला वळसा घालायची आणि कापलेल्या कपड्यांच्या ढिगावर जाऊन बसायची. कुणी शिकवलं नव्हतं. मोटर आल्यावर महिनाभरात दोघींची सवय मोडली. चला, एक कटकट गेली, असंच टेलरबाईंना तेव्हा वाटलं होतं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त बसड्रायव्हर राहायचे. आरडाओरडा ऐकून ते खाली आले. पलंग सरकवला, पेटी सरकवली, गुंडीला टॉवेलात गुंडाळलं आणि आपल्या खटारा गाडीत टेलरबाईंना मागच्या सीटवर बसवलं. "काय झालं, पडली का?" त्यांनी आरशात बघत विचारलं. आणि टेलरबाई म्हणाल्या, "हो." हे 'हो' त्यांच्या तोंडून इतकं सहज गेलं की त्या स्वतःच चपापल्या. टॉवेलातून गुंडीचा एक डोळा तेवढा बाहेर होता आणि तो त्यांच्याकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता. सिग्नलचे दिवे वीज नसल्यानं बंद होते, चौकात गाड्यांची बेशिस्त चाललेली. ड्रायव्हरसाहेब एकेकाला शिव्या घालत होते, त्याही जुन्या सवयीच्या. टेलरबाईंना वाटलं, ही माणसं सगळी कुठे चाललीत, घरी जाऊन कुणाच्या अंगावर पाय देणार आहेत? आपल्याला वाटतं, आपण सांभाळतो. आपण फक्त एका जागी बसलेले असतो आणि आपल्या पायाखाली कुणीतरी विश्वासानं झोपलेलं असतं. त्यांनी टॉवेलावर हात ठेवला. आतलं अंग आखडलं. हात त्यांनी मागे घेतला.

प्राण्यांची डॉक्टर तरुण पोरगी होती, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली झोपेची काळी वर्तुळं. तिनं पंजा नुसता धरून पाहिला. "कुठून पडली?"

"वरून."

"वरून म्हणजे? कपाटावरून?"

ड्रायव्हरसाहेब पुढे होऊन म्हणाले, "मांजराची जात, डॉक्टर. कुठूनही पडते."

"मांजराची जात पडली तर चार पायांवर पडते, काका," ती म्हणाली, आणि मग टेलरबाईंकडे वळून आवाज जरा खाली आणला. "हे पडण्यानं झालेलं नाही. कशात तरी चेपलं गेलंय. मला खरं सांगा, मी रागावणार नाही. हाडाची मला काळजी नाही, हाड जुळेल. बोटांना रक्त पोचतंय की नाही ते मला बघायचंय."

"माझ्या पायानं," टेलरबाई म्हणाल्या. "मशीनच्या चाकात. एकदा दाबलं, मग अडलं म्हणून परत दाबलं. दोनदा." आणि मग इतका वेळ न आलेलं रडू आलं, तेही कुठे, परक्या पोरीसमोर, लोखंडी टेबलापाशी. त्या हुंदके देत सांगत राहिल्या की कळलं नाही हो, मला वाटलं अस्तर आहे, मला वाटलं अस्तर आहे. डॉक्टर पोरीनं त्यांना रडू दिलं. गुंडीला सुई टोचता टोचता म्हणाली, "मागच्या महिन्यात मी माझ्याच कुत्र्याच्या शेपटीवर गाडीचं दार लावलं. मी. दिवसभर दुसऱ्यांची कुत्री बरी करून घरी आले होते." ड्रायव्हरसाहेब छताकडे बघत राहिले. परतताना त्यांनी एकदाच तोंड उघडलं: "मला सांगितलं असतंत तरी चाललं असतं की." त्यात राग नव्हता, म्हणून टेलरबाईंना जास्त लागलं.

पाय बांधून दिला होता, बोटांची टोकं तेवढी बाहेर ठेवून. त्या टोकांना रोज हात लावून बघायचं, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. गरम लागली तर पंजा राहील. गार पडायला लागली तर लगेच आणायचं, मग काढावा लागेल. म्हणजे बघा कशी कात्रीत सापडली बाई. जिच्या हातापायाची त्या जिवाला दहशत, तिनंच रोज हात लावायचा! पहिल्या सकाळी त्यांनी ड्रायव्हरसाहेबांना बोलावलं. ते पलंगाशेजारी गुडघ्यावर बसले, हात आत घातला, आणि बाहेर काढून म्हणाले, "माझा हात गिअर बदलून बदलून दगड झालाय, मला काय कळतंय गरम आणि गार. रेशीम कुठलं न् भेसळ कुठली हे बोटांनी सांगता ना तुम्ही? मग हे तुमचं काम." ते गेले. टेलरबाई जमिनीवर पालथ्या झाल्या. पलंगाखाली धुळीचा, जुन्या कापडाचा आणि औषधाचा वास होता. पेटीमागून दोन डोळे दिसत होते. त्यांनी हात सरकवला, हळू, इतका हळू की आपण तो सरकवतोय की तो आपोआप जातोय ते त्यांनाही कळेना. गुंडी भिंतीला चिकटली. घशातून खरखर आली. "फक्त बोटं," त्या म्हणाल्या. "बाकी कुठे नाही लावत. शपथ." बोटांच्या टोकांना टोकं लागली. गरम होती? की आपलाच हात गरम? गालाखालची फरशी गार होती, तिच्याशी ताडून पाहिलं. गरम होती. थोडीशी, पण होती.

असे दिवस गेले. सकाळ झाली की टेलरबाई पालथ्या, हात आत, आणि काळजाची धडधड फरशीला ऐकू जाईल इतकी. गुंडी दूध प्यायची, पण टेलरबाई खोलीबाहेर गेल्यावरच. दाराआडून लपलप ऐकू आली की त्यांना हायसं वाटायचं, पण आत पाऊल टाकताच ती लपलप थांबायची. वीज तर त्याच संध्याकाळी आली होती. मोटरीला काही झालं नव्हतं, बटणावर पाय टेकवला की झालं. पण त्यांचा पाय काही तिथे जाईना. गुंडी लांब पेटीमागे आहे हे डोळ्यांना दिसत असायचं आणि तरी पाय हवेतच थांबायचा. खाली काहीतरी आहे, असं त्याला वाटायचं. एकदा त्यांनी वाकून पाहिलं, नाही. बसल्या, पुन्हा वाटलं, आहे. पुन्हा वाकल्या. शेवटी त्या खुर्चीवरून उठल्या आणि मशीनवर चादर टाकली. कोट तसाच, सुई अस्तरात रुतलेली. गिऱ्हाइकाला निरोप गेला की बरं नाही. आयुष्यात पहिल्यांदा टेलरबाईंचा शब्द गेला. संध्याकाळी भिंतीच्या सावलीत बसून त्या विचार करायच्या की मुलाचं बरोबर असेल. डोळे गेले नाहीत, हात गेले नाहीत, पण लक्ष गेलं. ज्या बाईनं मांडीवर कापड घेऊन खालचं पोर न बघता सांभाळलं, ती बाई आता राहिली नाही. उद्या गॅस चालू राहील. परवा आणखी काही होईल. ज्याच्यावर आपण पाय देऊ असं काहीही आपल्याजवळ असू नये, हे बरं.

म्हणून मुलगा सुटीच्या दिवशी आला तेव्हा त्याला जे ऐकायला दोन वर्षं लागतील असं वाटत होतं, ते त्याला चप्पल काढता काढताच ऐकायला मिळालं. "ने मला," आई म्हणाली. "येते मी."

तो दारातच उभा राहिला. "आणि गुंडी?"

"डॉक्टरीण ठेवून घेईल. विचारलंय मी तिला. सगळ्यांशी ती बरी राहते, माझ्याशीच नाही. मशीन विकून टाक."

जिंकल्यावर माणसाचा चेहरा खुलायला हवा, पण त्याचा पडला. तो पलंगाशेजारी बसला, वाकून पेटीमागे बघितलं, "काय गं म्हातारे," म्हणाला. मग आईनं त्याला सगळं सांगितलं, फोन, वादी, पाय, दुसरा दाब. काही लपवलं नाही. तो ऐकत राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण या घरात गोडगोड बोलायची रीत कधीच नव्हती. म्हणून त्यानं बाह्या सरसावल्या. "विकायचं तर वरचं खालचं वेगळं करावं लागेल," तो म्हणाला. "नाहीतर दारातून निघायचं नाही. पाना कुठाय?" आणि तो पाना घेऊन मशीनखाली शिरला. मोठा माणूस, पोट सुटलेला, कसाबसा मावला. खालून त्याच्या कण्हण्याचा आणि पान्याचा आवाज येऊ लागला. "आई, हे चाक केवढंसं आहे गं! मला वाटायचं, बसएवढं आहे."

टेलरबाईंनी मशीनवरची चादर काढली. कोट तरी मोकळा करायला हवा होता, गिऱ्हाइकाचं कापड होतं ते. त्या खुर्चीवर बसल्या, कोट मांडीवर ओढला. सुई वर घ्यायची तर वरचं चाक हातानं अर्धं फिरवायला हवं, आणि वादी अजून चढवलेलीच, म्हणजे वरचं फिरलं की खालचंही फिरणार. खाली पोर आहे. असं काही त्यांच्या डोक्यात शब्दांनी आलं नाही. डोकं तर रिकामंच होतं. हातानं कात्री उचलली आणि पाटावर वाजवली. टक्, टक्.

खालचा पाना खणकन फरशीवर पडला. आणि कापडाच्या कडेखालून दोन हात वर आले, तेल लागलेले, केसाळ, नखांत काळं साचलेले, आणि टेलरबाईंच्या गुडघ्यावर येऊन पडले.

मग खालून मुलाचा आवाज आला, जरा घोगरा. "च्यायला. हे कुठून आलं?"

टेलरबाई त्या हातांवर हात ठेवणार, इतक्यात पलंगाखाली खुडबुड झाली. बांधलेला पाय फरशीवर ठक ठक आपटत गुंडी बाहेर आली. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. चेहरा असा की जणू उशीर आपल्याला नाही, बाकीच्यांनाच झालाय. खुर्चीला नेहमीचा वळसा घातला, मधेच तोल गेला, सावरली, आणि कपड्यांच्या ढिगापाशी येऊन थांबली. उडी मारायची तर पुढचा पाय नको म्हणत होता. टेलरबाई हलल्या नाहीत. त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. गुंडीनं एकदा मागे वळून बघितलं, थेट त्यांच्याकडे. मग टेलरबाई वाकल्या, तिच्या पोटाखाली हात घातला, अंग आखडलं, पण तेवढंच, आणि त्यांनी तिला उचलून ढिगावर ठेवलं. बोटांची टोकं मनगटाला लागली. गरम होती. आता फरशीशी ताडून बघायची गरज नव्हती.

मुलगा खालून सरपटत बाहेर आला, डोक्याला पाट लागला, डोकं चोळत मांजराकडे आणि आईकडे बघत राहिला. "कोट कुणाचा आहे?" त्यानं विचारलं.

"आहे एकाचा. वाट बघतोय बिचारा."

"मग शिव की."

"आणि तू काय काय खोललंस खाली?"

"काही नाही. एक बोल्टसुद्धा नाही हलला." तो पाना शोधायला लागला. "मी हिला सांगतो, नाकाला रुमाल बांधून इथेच ये चार दिवस. शिंकून शिंकून काय होतंय, मरत नाही माणूस. चहा टाकू?"

"टाक. आधी हात धू. आणि मोटर नको लावूस, वीज असली तरी राहू दे. आज पायानंच."

तो आत गेला. नळाचा आवाज येऊ लागला. गुंडी ढिगावर पंजा पुढे धरून बसली होती आणि टेलरबाईंच्या पायाकडे बघत होती. टेलरबाईही बघत होत्या. पायडल रिकामं होतं, चाक रिकामं होतं, खाली कुणीही नव्हतं, ते दोघींनाही स्पष्ट दिसत होतं. तरी टेलरबाईंनी कात्री उचलली, पाटावर दोनदा वाजवली, एक श्वास थांबल्या, आणि मगच पाय ठेवला.